बंद पडते, पण केव्हा?

यंत्रांची देखभाल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनजवळच्या आमच्या वाडीतील बरीचशी सुपारी आणि काही माड आडवे झाले. ती झाडे तोडून वाडी मोकळी करण्यासाठी मी त्या वेळी साठ सी.सी.चा एक जुना चेनसॉ (लाकूड कापण्याची यंत्रकरवत) विकत घेतला. यंत्र १९९० च्या दशकातील असून दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत सरपणासाठी आणि वाळलेल्या फांद्या उतरवण्यासाठी ते दरवर्षी वापरले जाते. यंदा मात्र पूर्ण चोक देऊन चार-पाच वेळा दोरी ओढल्यावर ते सुरू होते आणि चोक काढताच चार-पाच सेकंदांत बंद पडते. चोक अर्धा ठेवला तर चालते, पण रेस दिली की गुदमरल्यासारखे होऊन थांबते. कधी कधी हात न लावता त्याचा वेग आपोआप वाढतो. प्लग नवा घातला. आमच्या दुचाकीच्या मिस्त्रींनी कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) दोनदा धुतला आणि त्याचे दोन्ही स्क्रू फिरवून पाहिले. प्रत्येक वेळी दिवसभर काम झाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झाले. आता नवा कार्ब्युरेटर घालावा असा त्यांचा सल्ला आहे. तो घालावा का?
(एक बागायतदार, श्रीवर्धन तालुका)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य ‘चोक काढताच चार-पाच सेकंदांत बंद पडते आणि अर्धा चोक ठेवला तर चालते’ हे आहे. ‘सुरू होते आणि बंद पडते’ एवढ्याच तक्रारीवर यंत्राचा दोष सांगणे म्हणजे ‘पोटात दुखते’ एवढे ऐकून औषध देण्यासारखे असते. यंत्र नेमके केव्हा बंद पडते, म्हणजे चोक काढल्यावर, रेस देताना, रेस सोडताना, पाते आडवे केल्यावर की दहा-पंधरा मिनिटे व्यवस्थित चालल्यानंतर, हे एकदा नीट पाहून कागदावर लिहून काढले की अर्धी दुरुस्ती तिथेच झाली असे समजावे. स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर हातात घ्यावा.

चोक म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप. ती लावली की हवा कमी आणि पेट्रोल जास्त खेचले जाते. ज्या यंत्राला गरम झाल्यानंतरही चोकशिवाय चालता येत नाही, त्याला एकतर पेट्रोल पुरत नाही किंवा कुठून तरी नको असलेली हवा मिळते आहे. आपल्या यंत्राच्या बाबतीत यांपैकी एक किंवा दोन्ही गोष्टी घडत आहेत, हे मी खात्रीने सांगू शकतो. त्यामुळे पहिली विनंती अशी की, दोष सापडेपर्यंत अर्धा चोक ठेवून लाकूड कापण्याचा प्रयत्न करू नये. या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण वेगळे मिळत नाही, ते पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, शिवाय ज्वलन अधिक तापते आणि पिस्टन सिलिंडरला घासू लागतो. काही शे रुपयांत सुटणारा प्रश्न याच घाईमुळे काही हजारांवर जातो.

आता मिस्त्रींविषयी. दुचाकीचा चांगला मिस्त्री चेनसॉच्या कार्ब्युरेटरपाशी का अडतो, याचे कारण त्याच्या कौशल्यात नसून यंत्राच्या रचनेत आहे. कार्ब्युरेटर असलेल्या मोटारसायकलमध्ये तळाला पेट्रोलची एक वाटी असते आणि त्या वाटीतला फ्लोट, म्हणजे तरंगणारा तुकडा, पातळी राखतो. मोटारसायकल फारशी आडवी होत नाही, म्हणून ते चालून जाते. चेनसॉ मात्र दर मिनिटाला कलतो आणि कधी उलटाही होतो. १९५० पूर्वीच्या अनेक चेनसॉमध्ये फ्लोट असायचा आणि त्यामुळे झाड आडवे कापताना इंजिन सरळ धरून पातेच वेगळे फिरवावे लागत असे. डायफ्रामचा, म्हणजे लवचीक पडद्याचा, कार्ब्युरेटर आला आणि ही कटकट गेली. अमेरिकेतील मॅकलक कंपनीचा १९४९ मधील ३-२५ हा एका माणसाने चालवण्याजोगा हलका चेनसॉ याच बदलाच्या काळातला आहे. आपल्या यंत्रात वाटीही नाही आणि फ्लोटही नाही. त्याऐवजी दोन पातळ पडदे आहेत आणि आपला प्रश्न बहुधा त्यांच्याभोवतीच घुटमळतो आहे.

यांपैकी पहिला पडदा पंपाचा. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमधील (पिस्टनखालच्या बंद पेटीतील) दाब कमी-जास्त होतो आणि एका लहान वाटेने, काही यंत्रांत रबरी नळीतून, तो दाब या पडद्यापर्यंत पोहोचतो. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, मिनिटाला २८०० फेरे धरले तर हा पडदा सेकंदाला सुमारे ४७ वेळा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा मोजून देणारा. त्याच्या एका बाजूला पेट्रोलची छोटी खोली आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते. इंजिनाने पेट्रोल ओढले की खोलीतला दाब कमी होतो, बाहेरची हवा पडद्याला आत ढकलते, पडदा एका बारीक तरफेवर टेकतो, तरफेच्या दुसऱ्या टोकाची सुई उचलली जाते आणि तेवढेच पेट्रोल आत येते. हा पडदा मऊ असेल तर अगदी थोड्या ओढीनेही हलतो. वर्षानुवर्षे वाळून कडक झाला असेल तर साध्या ओढीला दाद देत नाही. चोक लावून ओढ वाढवली की मगच तो हलतो. आपले यंत्र चोकवर चालते आणि त्याशिवाय चालत नाही, याचा उलगडा इथे होतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. कार्ब्युरेटरचे झाकण उघडून मोजणारा पडदा काढावा आणि त्याच्या मधल्या भागावर बोटाच्या टोकाने हलके दाबावे. नवा पडदा ओल्या केळीच्या पानासारखा निमूटपणे वाकतो. जुना पडदा डबीच्या पत्र्याच्या झाकणासारखा ‘टक्’ असा आवाज करतो किंवा त्यावर सुरकुत्या उमटून तशाच राहतात. कार्ब्युरेटर धुतल्यावर आपले यंत्र एकच दिवस का चालले, याचेही उत्तर बहुधा इथे आहे. पेट्रोलमध्ये किंवा थिनरमध्ये बुडवलेले जुने रबर फुगून थोडा वेळ मऊ पडते आणि वाळले की पुन्हा मूळ पदावर येते. दुसरी शक्यता अशी की, पडदे न काढताच कॉम्प्रेसरची हवा मारली गेली. डायफ्रामच्या कार्ब्युरेटरला हा उपाय घातक असतो, कारण त्या दाबाने पडदा ताणला जातो किंवा फाटतो.

त्यामुळे नवा कार्ब्युरेटर घेण्याआधी पडदे, गॅस्केट (जोडांमधल्या पातळ चकत्या) आणि सुई यांचा संच घालून पाहावा. कार्ब्युरेटर वॉलब्रो, झामा किंवा टिलॉटसन यांपैकी कोणत्या कंपनीचा आहे हे त्याच्या अंगावर कोरलेले असते आणि शेजारी त्याचा क्रमांकही असतो. संच मागवताना चेनसॉच्या नावाऐवजी हा क्रमांक सांगावा, कारण एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कार्ब्युरेटर बसवलेले आढळतात. उघडताना पडदा आणि गॅस्केट यांचा क्रम दोन्ही बाजूंना कसा आहे याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. हा क्रम उलटा बसला तर नव्या संचानेही यंत्र चालत नाही आणि दोष विनाकारण दुकानदारावर येतो. आत एक इवलीशी गोल जाळी असते, तीही साफ करावी. जुना मूळ कार्ब्युरेटर, त्याचे धातूचे अंग झिजलेले नसेल तर, बाजारातल्या स्वस्त नकलेपेक्षा सहसा सरस निघतो, असे माझे मत आहे.

मात्र कार्ब्युरेटर उघडण्याच्याही आधी पेट्रोलची वाट टाकीपासून तपासत यावे, कारण ते काम सोपे आणि जवळपास फुकटाचे आहे. टाकीचे झाकण काढून वाकवलेल्या तारेने आतली नळी बाहेर ओढावी. तिच्या टोकाला एक जड फिल्टर असतो, जो यंत्र कलले की पेट्रोल असेल तिकडे घरंगळतो. तो काळा आणि गुळगुळीत झाला असेल तर बदलावा. नंतर ती नळी, विशेषतः टाकीच्या भिंतीतून ती जिथे बाहेर पडते तो भाग, दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावी. नळी सैल असताना तिथली चीर मिटलेली असते आणि नजरेला पडत नाही. ताण दिला की नखाने कोरल्यासारखी बारीक फट उघडते. या फटीतून पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. असे असेल तर पडदे नवे घालूनही काहीही उपयोग होणार नाही.

आता आपण पत्रात ओझरता उल्लेख केलेल्या लक्षणाकडे वळतो. यंत्राचा वेग कधी कधी आपोआप वाढतो, असे आपण लिहिले आहे. हे मला थोडे काळजीचे वाटते. पेट्रोल नुसते कमी पडत असेल तर यंत्र सहसा मलूल होते. हात न लावता वेग वाढणे, आयडलिंग एका जागी न ठरणे, यंत्र डाव्या किंवा उजव्या कुशीवर केले की आवाज बदलणे, ही बाहेरची हवा आत शिरत असल्याची लक्षणे आहेत. ती तीन ठिकाणांहून शिरते. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी जोड, पंपाला दाब पोहोचवणारी नळी आणि क्रँकशाफ्टच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांची तेलसीले, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी. रबरी जोड बाहेरून ठीक दिसतो. तो काढून हातात घेऊन पिळावा, मग वळ्यांच्या आतली भेग दिसते. सीलांची परीक्षा घरी होत नाही. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर यांच्या जागी रबराचे तुकडे घट्ट बसवून इंजिनात सुमारे अर्धा बार, म्हणजे चौरस इंचाला सात पौंडांच्या आसपास दाब भरतात आणि तो टिकतो का ते पाहतात. साबणाचे पाणी लावल्यावर जिथे बुडबुडे येतात तिथे गळती असते. दाबाने न सापडणारी गळती निर्वात लावून सापडते, कारण सील एका दिशेने धरते आणि दुसऱ्या दिशेने सोडते असेही घडते. हे काम चेनसॉ दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्यावे. रबरी जोडाभोवती क्लीनरचा फवारा मारून वेग बदलतो का ते पाहण्याची एक पद्धत प्रचलित आहे. तापलेल्या सायलेन्सरशेजारी ज्वालाग्राही फवारा मारण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

स्क्रूंची पाळी सर्वांत शेवटी. ‘एल’ हा कमी वेगाच्या पेट्रोलचा, ‘एच’ हा जास्त वेगाच्या पेट्रोलचा आणि तिसरा आयडलिंगचा. ते दोनदा फिरवले गेले असल्याने मूळ जागा आता हरवली आहे. ‘एल’ आणि ‘एच’ हलक्या हाताने टेकेपर्यंत बंद करावेत. आवळू नयेत, कारण आवळल्याने टोक आणि भोक दोन्ही कायमचे खराब होतात. पुस्तिकेत दुसरे काही नसेल तर दोन्ही स्क्रू एकेक फेरा उघडून सुरुवात करावी, कारण त्या काळातल्या बहुतेक यंत्रांना ही सुरुवात चालते. यंत्र तीन-चार मिनिटे गरम झाल्यावर रेस देताना अडखळत असेल तर ‘एल’ एकअष्टमांश फेरा उघडावा. आयडलिंग असे ठेवावे की यंत्र थांबत नाही आणि साखळीही फिरत नाही. ‘एच’ जुळवताना कानाचा उपयोग करावा. पूर्ण रेसवर, लाकडाला न टेकवता, आवाज किंचित फुटका, घरघरता यावा आणि लाकडात गेल्यावर तो स्वच्छ व्हावा. मोकळ्या हवेतच आवाज शिट्टीसारखा गुळगुळीत येत असेल तर पेट्रोल कमी आहे, ‘एच’ लगेच थोडा उघडावा. या सर्व वेळी पाते जमिनीपासून आणि पायांपासून दूर असावे आणि साखळीचा ब्रेक लावून पूर्ण रेस देऊ नये, कारण त्याने क्लच जळतो.

हे सगळे करूनही चोकशिवाय चालले नाही, तरच नव्या कार्ब्युरेटरचा विचार करावा. मला वाटते ती वेळ येणार नाही.

प्रश्न : माझा चेनसॉ सकाळी पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू होतो आणि दहा-बारा मिनिटे उत्तम कापतो. नंतर अचानक बंद पडतो आणि अर्धा तास काही केल्या सुरू होत नाही. अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही असा पुन्हा चालतो. कार्ब्युरेटर स्वच्छ आहे.
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर : आपण वेळ मोजून लिहिली आहे, त्यामुळे काम सोपे झाले. असे वागणारे यंत्र दोन गोष्टींपैकी एकीने आजारी असते आणि दोघींतला फरक बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत कळतो. यंत्र थंड झाल्यावर तपासण्यात अर्थ नसतो, कारण तेव्हा ते निरोगीच असते.

पुढच्या वेळी यंत्र बंद पडले की ते सायलेन्सरची बाजू दूर ठेवून सावलीत उभे करावे आणि टाकीचे झाकण अगदी सावकाश सैल करावे. हवा आत जाताना ‘स्स्’ असा आवाज आला आणि झाकण पुन्हा लावल्यावर यंत्र लगेच सुरू झाले, तर टाकीचा श्वास कोंडला आहे. पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी टाकीत हवा यावी लागते. त्यासाठी झाकणात किंवा टाकीच्या वरच्या बाजूला एक बारीक झडप असते. लाकडाचा भुसा आणि साखळीचे तेल यांचा चिखल तिच्यावर बसला की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाची ताकद कमी पडते. अर्ध्या तासात हवा हळूहळू आत झिरपते, म्हणून यंत्र ‘आपोआप’ बरे होते. झडप काढून पेट्रोलने धुवावी, आणि तरीही भागले नाही तर बदलावी. काही जण झाकणाला खिळ्याने भोक पाडतात. कलंडलेल्या यंत्रातून तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल गळणे म्हणजे काय, हे मी वेगळे लिहीत नाही. (उघडताना उलट हवा बाहेर फुसफुसली तर तो टाकीतल्या वाफेचा दाब असतो. गरम दिवसांत तो थोडाफार असतोच, म्हणून झाकण नेहमी सावकाश सैल करावे.)

झाकण उघडून फरक पडला नाही तर कॉइलचा, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागाचा, संशय घ्यावा. कॉइलमधील बारीक तारांवरचे आवरण जुने झाले की तापल्यावर तिथे वीज आतल्या आत फुटते आणि प्लगपर्यंत ठिणगी पोहोचत नाही. थंड झाल्यावर ती पुन्हा येते. यंत्र गरम असतानाच प्लग काढून त्याला टोपी लावावी, प्लगचा धातू सिलिंडरच्या पंख्यांना टेकवून इन्सुलेशन असलेल्या पकडीने धरावा आणि दुसऱ्या कोणाला तरी दोरी ओढायला सांगावी. प्लग त्याच्या भोकापासून लांब धरावा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. ठिणगी नसेल तर कॉइल बदलण्याआधी स्विचची वायर कुठे सोलवटून अंगाला टेकते का ते पाहून घ्यावे. मी स्वतः एकदा अशाच एका वायरीमुळे चांगली कॉइल फेकून दिली आहे. नवी कॉइल बसवताना तिच्यात आणि फ्लायव्हीलच्या चुंबकात ०.३ मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवतात. दोन्हींच्या मध्ये एक व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळले की ते अंतर जवळजवळ बरोबर येते. प्लगचे अंतर बहुतेक चेनसॉना ०.५ मिलिमीटर लागते, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

प्रश्न : पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेलेच पेट्रोल मिळते. जुन्या चेनसॉला ते चालते का? खबरदारी म्हणून मी पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) दुप्पट घालतो, ते योग्य आहे का? हल्ली यंत्र थोडा वेळ चालून अडखळते आणि थांबते.
(एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : ऑइल दुप्पट घालणे आधी थांबवावे. चांगल्या प्रतीचे टू-टी ऑइल असेल तर बहुतेक चेनसॉना ५० ला १ हे प्रमाण, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पुरते. पुस्तिकेत २५ ला १ लिहिले असेल तर लिटरला ४० मिलिलिटर. याहून जास्त ऑइल घातल्याने काजळी वाढते. शिवाय ऑइल जितके वाढवावे तितकी पेट्रोलची जागा कमी होते आणि मिश्रण उलट हवेच्या बाजूला झुकते. झाकणाने अंदाजे ओतण्याची सवय असेल तर औषधाच्या दुकानातून एक सिरिंज आणून ठेवावी. ऑइलबरोबर आलेला माप-कप हरवलेल्या घरांत माझेही घर मोडते.

इथेनॉलचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला ज्वलनाचा. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. म्हणून २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तेवढ्याच हवेसाठी सात-आठ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. आधुनिक मोटार हे आपोआप करते. १९९० च्या सुमारास शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या चेनसॉच्या स्क्रूंना मात्र ते कळत नाही. ‘एल’ आणि ‘एच’ हे दोन्ही स्क्रू जेमतेम एकअष्टमांश फेरा उघडले की आपले अडखळणे कदाचित तिथेच थांबेल.

दुसरा भाग अधिक त्रासाचा. इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि गोव्यातल्या किंवा कोकणातल्या पावसाळी हवेत त्याला त्यासाठी फार शोधावे लागत नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीतला फिल्टर तळालाच असतो, त्यामुळे यंत्र नेमका तो थर ओढते, चार क्षण चालते आणि थांबते. डब्यातले मिश्रण काचेच्या पारदर्शक बाटलीत ओतून तासभर स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर किंवा ढगाळ रेषा दिसली तर ते मिश्रण चेनसॉमध्ये पुन्हा घालू नये. जुन्या काळातले रबर इथेनॉलने फुगते, चिकट होते किंवा कालांतराने चिरते. म्हणून पहिल्या उत्तरात सांगितलेली नळी आणि पडदे आपणही वर्षातून एकदा पाहावेत. चेनसॉच्या अनेक पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. ज्यांना कमी इथेनॉलचे पेट्रोल मिळू शकते त्यांनी ते जरूर घ्यावे. ज्यांना मिळत नाही त्यांनी मिश्रण महिनाभर पुरेल इतकेच करावे आणि मृगाच्या आधी टाकी रिकामी करून, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ते पडवीत टांगावे.

प्रश्न : यंत्र आयडलिंगला छान चालते, लाकडाला लावले की दम तोडते. फिल्टर, प्लग, पडदे सगळे नवे आहे. आता काय उरले?
(एक वाचक, चंदगड)

उत्तर : धूर बाहेर जाण्याची वाट उरली. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी एक बारीक जाळी असते आणि जास्त ऑइल किंवा कायम मंद वेग यांमुळे ती काजळीने भरते. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासावी किंवा मोकळ्या जागेत गॅसच्या ज्योतीवर लाल करून झटकावी. सायलेन्सर निघालाच आहे तर सिलिंडरच्या धुराड्याच्या भोकातही पाहावे. तिथे काजळी असेल तर पिस्टन भोक झाकेल अशा जागी आणून बांबूच्या कामटीने ती खरवडावी. लोखंडी वस्तू वापरू नये. त्याच भोकातून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत आणि करडी असेल तर उत्तम. उभे ओरखडे दिसले तर यंत्राने पुरेशा पेट्रोलशिवाय दिवस काढले आहेत, असे समजावे.

आमच्याकडे पावसाळाभर पडवीत टांगलेल्या एका चेनसॉच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचे अखंड घर बांधले होते. कार्ब्युरेटर दोन दिवस उघडून बसवल्यानंतर एका मुलाने बोट घालून ते शोधून काढले. तेव्हापासून आम्ही पावसाळ्यात सायलेन्सरच्या तोंडावर फडके बांधतो, आणि सुरू करण्याआधी ते काढायला विसरतो.

प्रश्न : एवढ्या जुन्या यंत्रावर खर्च करावा की नाही, हे मिस्त्रीकडे नेण्याआधी कसे ठरवावे?
(एक वाचक, राधानगरी)

उत्तर : थंड यंत्र, प्लग घट्ट, स्विच बंद आणि दाब सोडण्याची झडप असेल तर तीही बंद. दोरीची मूठ एका हातात धरून यंत्र अलगद उचलावे आणि ते मुठीला लटकू द्यावे. पिस्टन आणि सिलिंडर सुस्थितीत असतील तर यंत्र थांबत-थांबत, प्रत्येक कॉम्प्रेशनला अडून, पायऱ्या उतरल्यासारखे खाली येते. अशा यंत्रावर पडदे, नळी, सीले यांचा खर्च खुशाल करावा. ते विहिरीच्या बादलीसारखे सरळ खाली आले, तर मात्र दाबमापक लावून खात्री करून घ्यावी. काटा शंभर पौंडांच्याही बराच खाली राहिला, तर पिस्टन आणि सिलिंडरची किंमत विचारून घ्यावी आणि तोवर कार्ब्युरेटरला हात लावू नये.